आधी वाऱ्याची पाळी ठरवा, देव नंतर

तुम्ही लिहिलंय की शिरपूरला कॉलेजच्या मित्रांसोबत सहा महिने कॅम्पेन चालवताय, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळातली लांबलचक गोष्ट. ड्वार्फ, एल्फ, ऑर्क, हाफलिंग असे सगळे काल्पनिक वंश आहेत. प्रत्येक वंशासाठी दोन-दोन पानं लिहून काढलीत, देव दिले, झेंडे दिले, सण दिले. तरी खेळाडू म्हणतात, "सगळी माणसंच वाटतात, कुणाला दाढी लावलीय, कुणाचे कान ओढलेत." यावर काय करावं, असं विचारलंय. मी जळगावात अकरा वर्षं असा खेळ, म्हणजे टेबल, चालवते आहे. पहिली तीन वर्षं माझंही नेमकं इथेच अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पानांवर ड्वार्फांबद्दल आहे: हट्टी, कष्टाळू, सोन्याचे लोभी, शब्दाला पक्के. एल्फांबद्दल: गर्विष्ठ, देखणे, झाडांवर जीव टाकणारे. हा झाला स्वभाव. स्वभाव एकेकाचा असतो. एका घरातले दोन भाऊ सारखे नसतात हे आपण रोज बघतो, त्यामुळे अख्ख्या वंशाला एकच स्वभाव वाटून दिला की खेळाडूंचा विश्वास बसत नाही. शिवाय स्वभाव टेबलावर दाखवायचा कसा? मग डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, प्रत्येक ड्वार्फाचा आवाज जाड काढतो आणि दोन सेशननंतर घसा आणि गोष्ट दोन्ही बसतात.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर का भाजतात? कुणी चव शोधायला बसलं नव्हतं. काळी जमीन, तिच्यात कपाशी, वेचणी उरकली की शेतात उभ्या राहतात त्या पऱ्हाट्या. सपाटीवर सरपणाला दुसरं फारसं काही नाही, आणि हिवाळ्यात वांगी आणि पऱ्हाट्या एकाच वेळी हाताशी येतात. आज गॅस आला तरी भरीत पार्टीला माणूस शेतातच जातो, कारण तो धूर आता चवीचा भाग झालाय. जमीन, पीक, सरपण, चव, आणि शेवटी चार लोकांना बोलावण्याचं निमित्त, अशी ती साखळी आहे. तुमच्या एल्फांच्या सणाला अशी साखळी नाही. तो थेट दिनदर्शिकेतून उतरलाय.

म्हणून मी कुठल्याही वंशासाठी पहिला प्रश्न एकच विचारते: यांच्याकडे काय पुरत नाही, आणि ते कोण कसं वाटून घेतं? देव, शिव्या, लग्नं, पाहुणचार यांना मी त्यानंतर हात लावते. वाटणी नीट ठरली की निम्म्या गोष्टी आपोआप सुचतात.

वाटणी म्हणजे काय हे मी शिकले ती पांझरा नदीच्या काठी. माझं माहेर धुळे तालुक्यातलं. तिकडे पाणी वाटून घ्यायची फड पद्धत आहे, काही शतकं जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा इथे ऊस, तिथे गहू, पुढच्या वर्षी अदलाबदल. माझ्या शेतात मी माझ्या मर्जीचं पेरीन, हे चालत नाही. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर सगळ्यांचंच थोडं थोडं जातं, एकटा कुणी बुडत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांची मजुरी धान्यात. पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी उतरायचं. या एका व्यवस्थेत कायदा आहे, नोकरशाही आहे, भांडण आहे, इमान आहे. ती कॅम्पेन म्हणून लिहून काढली तर तुमच्या दोन पानांपेक्षा भारी होईल.

मी ही व्यवस्था उचलून ड्वार्फांना चिकटवली नाही. डोंगराच्या पोटात पाणी भरपूर असतं. तिथे अपुरी काय असते? हवा. भट्टी पेटली की ती हवा खाते आणि धूर सोडते. आमच्या ड्वार्फांच्या डोंगराला वर उघडणारी तीनच धुराडी आहेत आणि भट्ट्यांच्या ओळी पाच. मग पाळी आली. आज या ओळीने भट्टी पेटवायची, उद्या त्या. उन्हाळ्यात वारा पडला की एक ओळ महिनाभर थंड. प्रत्येक घराची एक तरी भट्टी प्रत्येक ओळीत, म्हणजे नुकसान सगळ्यांचं. वाऱ्याची दारं उघडणारा तो झडप्या. त्याला स्वतःची भट्टी ठेवायची परवानगी नाही, नाहीतर तो आपल्याच ओळीकडे वारा वळवील. आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी दोर लावून धुराड्यात उतरायचं आणि काजळी खरवडायची.

एवढं ठरवलं आणि वहीत बाकीचं भराभर उतरलं. बंद दालनात लांबलचक बोलणं उद्धटपणाचं, कारण तुम्ही दुसऱ्याच्या वाट्याचा श्वास वापरताय. बघा, ड्वार्फ कमी बोलतात हे जुनंच, पण आता त्याला कारण मिळालं. सगळ्यात वाईट शिवी "चोरश्वाशा". पाहुण्याने विचारल्याशिवाय चिलीम पेटवायची नाही. वयात येणं म्हणजे धुराड्यात पहिल्यांदा उतरणं. सगळ्यांत जास्त मान राजाला नाही, झडप्याला. आणि त्याचा सगळ्यांत जास्त संशयही येतो. देव कोण, हे मला तेव्हाही ठरवावं लागलं नाही. एका खेळाडूने चौथ्या सेशनला विचारलं, "हे कुणाला नमस्कार करतात?" तेव्हा तोंडातून निघून गेलं, "वाऱ्याला, आणि तोही बाहेर पडताना."

आता यातला माझा सर्वांत आवडता भाग. आपल्याकडे खान्देशात कानबाई देवीला रोट असतात. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ धान्य घ्यायचं, त्याचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. लहानपणी माझी मैत्रीण त्या दिवशी घरी आली होती. तिला आईने पोटभर जेवू घातलं, पण रोट दिला नाही. मैत्रीण रुसली. मला तेव्हा कळलं की अन्न वाढण्यापेक्षा न वाढण्यातून कुटुंबाची हद्द जास्त स्पष्ट दिसते.

ड्वार्फांकडे मी फक्त मोजणीची कल्पना नेली, सण नाही. काजळी उतरवून झाली की त्या वर्षी जो जो धुराड्यात उतरला, बाई असो की पुरुष, त्याच्या नावाने पीठ घ्यायचं, त्याची एकच मोठी भाकर करायची, आणि ज्यांची नावं मोजली त्यांनीच ती खायची. दुसऱ्या सेशनला आमची टोळी, म्हणजे खेळाडूंची पात्रं, तिथे पोचली. एका मुलीचं कॅरेक्टर, म्हणजे ती खेळत असलेलं पात्र, मानवी भाडोत्री सैनिक. जेवण झालं, कालवण मिळालं, मोठी भाकर तेवढी तिच्यासमोरून निघून गेली. ती चिडली, तलवारीवर हात गेला. शेजारच्या खेळाडूने म्हातारीला विचारलं, "हिला का नाही?" म्हातारी एवढंच म्हणाली, "मोजलं नाही."

नवव्या सेशनला टोळी पुन्हा त्या डोंगरात आली, काजळीच्या दिवसांत. त्या मुलीने आपणहून सांगितलं की माझं कॅरेक्टर उतरतंय. तीनदा कॉन्स्टिट्यूशनचे, म्हणजे काटकपणाचे, फासे टाकले, दोनदा पडली, तिसऱ्यांदा कशीबशी वर आली. मी आधीच स्वयंपाकघरातून पितळी परात आणि ज्वारीचं पीठ आणून ठेवलं होतं. म्हातारी झाले आणि एकेक नाव घेत पिठाची मूठ परातीत टाकू लागले. सहा ड्वार्फांची नावं घेतली. मग थांबले, आणि सातवं नाव तिच्या कॅरेक्टरचं घेतलं. मूठ टाकली. टेबलावर कुणी बोललं नाही. त्या मुलीच्या कॅरेक्टर शीटवर थोडं पीठ सांडलं होतं, ते तिने झटकलं नाही. पुढची दोन वर्षं ती त्या डोंगरासाठी लढली, आणि मला तिला एकदाही बक्षीस म्हणून सोनं द्यावं लागलं नाही.

यातच भांडणही ठेवलेलं आहे, आणि ते तुम्ही प्रत्येक वंशात ठेवाच. खाली शहरात नोकरीला गेलेला मुलगा काजळीला येत नाही, पण पैसे पाठवतो. त्याच्या पैशातून नवा दोर आला. त्याची मूठ घ्यायची की नाही? अर्धा डोंगर म्हणतो घ्या, अर्धा म्हणतो हाताला काजळी लागली नाही त्याचं नाव नको. पुण्या-मुंबईला गेलेल्या प्रत्येकाच्या घरी हा वाद कुठल्या ना कुठल्या रूपात आहे, म्हणून खेळाडू लगेच बाजू घेतात. ज्या संस्कृतीतल्या सगळ्यांचं एकमत असतं तिच्यात खेळाडूंना करायला काही उरत नाही.

दुसरा प्रश्न शरीराचा. तो माणसांच्या जगात येत नाही, म्हणून फँटसीची खरी मजा तिथे आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आलं. नंतरच्या सोप्या आवृत्त्यांमध्ये ड्वार्फ किंवा एल्फ असणं हाच तुमचा वर्ग (एरवी लढवय्या, जादूगार वगैरे) होता, म्हणजे जन्माने सगळं ठरलेलं. 2024 च्या नियमांत 'रेस' शब्द जाऊन 'स्पीशीज' आला आणि गुणांची वाढ पार्श्वभूमीकडे, म्हणजे तुम्ही कुठे वाढलात काय केलंत याकडे गेली. नियम कुठलीही आवृत्ती वापरा, पण ही फोड डोक्यात ठेवा: शरीराने काय दिलं, आणि वाढवणाऱ्यांनी काय दिलं. ताकद, हट्ट, लोभ असलं काही शरीराच्या खात्यात टाकू नका. शरीराच्या खात्यात दृष्टी, झोप, आयुष्य, पिसं, शेपटी एवढंच ठेवा आणि त्याचा अर्थ शेवटपर्यंत ओढून बघा.

ड्वार्फांना अंधारात दिसतं, हे प्रत्येक खेळाडूला पाठ असतं. पण पाचव्या आवृत्तीच्या नियमात पुढे लिहिलंय की संपूर्ण अंधारात रंग दिसत नाहीत, फक्त करड्या छटा दिसतात. यावर मी एक अख्खा रविवार घालवला. ज्या लोकांचा बहुतेक दिवस रंगांवाचून जातो त्यांचे कपडे कसे असतील? रंगीत नाहीत, तर गाठींचे, विणीचे, बोटांना कळणारे. खानदान वेणीच्या गाठीवरून ओळखायचं. आणि सोनं? अंधारात सोनं आणि पितळ सारखंच करडं. साडीच्या दुकानात बाई पदर उचलून दाराशी उजेडात येते ना, तसा त्यांच्याकडे दिवा लावणं हा सौदा पक्का करण्याचा क्षण झाला. लग्नातही एकदाच दिवा लावतात, नवरा-नवरी एकमेकांचे डोळे रंगासकट तेव्हा बघतात. आमच्या टोळीने मशाली पेटवून ड्वार्फांच्या दालनात पाऊल ठेवलं, तेव्हा सगळ्यांनी तोंडं झाकली. खेळाडूंना वाटलं प्रकाशाचा त्रास होतोय. खरं तर ते लाजले होते.

एल्फांसाठी मी आयुष्य घेतलं. 2014 च्या नियमांत एल्फ साधारण शंभराव्या वर्षी जाणता धरला जातो आणि साडेसातशेपर्यंत जगू शकतो. आता शेतकऱ्याच्या घरातला माणूस हे ऐकून पहिला प्रश्न काय विचारील? वाटणी कधी होणार! बाप दोनशेचा असताना मुलगा झाला, तर सातबारावर नाव चढायला मुलाला साडेपाचशे वर्षं थांबावं लागेल. तोवर तो काय करील? घर सोडील. तरुण एल्फ जगभर भटकतात ते चांदण्यांच्या ओढीने असं सगळे मानतात. माझ्या जगात ते भटकतात कारण घरी त्यांच्या नावावर काही नाही. आणि जो घरीच राहिला तो दोन शतकं बापाच्या हाताखाली राबून कडवट झालाय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण पितरांसाठी घागर भरतो. एका आखाजीला माहेरी घागरीवर खरबूज ठेवताना मला वाटलं, ज्यांचा पणजोबा अजून ओट्यावर बसलाय त्यांना पितर कुठून असणार? माझ्या एल्फांकडे पितरांचा दिवस नाहीच. त्याऐवजी वारसांचा दिवस आहे. त्या दिवशी घरातला सर्वांत म्हातारा एल्फ सर्वांत लहान मुलाच्या हातून पाणी घेतो आणि कबूल करतो की मी तुझी जागा अडवून बसलोय. दर वर्षी कबूल करतो, आणि दर वर्षी तिथेच बसून राहतो. त्यांचा खलनायक मला वेगळा बनवावा लागला नाही. सातशे वर्षांचा, मरायला तयार नसलेला आजोबा पुरला.

याच्या उलट टोकाला आराकोक्रा, ते पक्षीवंशी. जुन्या नोंदींप्रमाणे तिसऱ्या वर्षी मोठे आणि तिशीच्या आसपास संपलेले. त्यांच्याशी शंभर वर्षांपूर्वी केलेला करार म्हणजे त्यांच्या वीस-पंचवीस पिढ्यांमागची दंतकथा. एल्फाला तो कालचा वाटतो. दोघांना एका चावडीवर बसवा, सेशन आपोआप चालेल.

एका वंशाची एकच संस्कृती कधीच करू नका. इथे धुळ्याकडून भुसावळकडे जाईतो अहिराणीची लेवा बोली होते, सातपुड्यात चढलात की पावरा आदिवासींची पावरी कानावर येते, आणि हे सगळं मिळून खान्देश. तुमच्या ड्वार्फांचा दुसरा डोंगर घ्या जिथे धुराडी भरपूर पण लोखंड नाही. तिथले ड्वार्फ बडबडे असतील. पहिल्या डोंगरातल्यांना ते असह्य होतील. दोन ओळींचं काम आहे, पण वंश त्यामुळे खरा होतो. नावांवर फार वेळ घालवू नका. तीन-चार अक्षरं ठरवून घ्या आणि पुढे चला.

आता एक गोष्ट, जी मला मनापासून सांगायची आहे. दुसऱ्या वर्षी मी ऑर्क बनवले आणि त्यांना डोंगरात बसवून सरळ सातपुड्यातलं सगळं दिलं: ढोल, होळीचा नाच, चांदीचे दागिने, होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार. मला वाटलं मी आपल्या मातीतलं काही आणतेय. टेबलावर धडगावकडचा एक मुलगा होता, पावरा घरातला. त्याने काही म्हटलं नाही. तिसऱ्या सेशनला टोळीने ऑर्कांच्या बाजारावर हल्ला केला, फासे चांगले पडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या रविवारी तो आला नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाला, "ताई, तो बाजार आमचा होता." मी माफी मागितली आणि ते कॅम्पेन तिथेच थांबवलं. तो परत यायला वर्ष लागलं.

तेव्हापासूनचा माझा नियम असा आहे. जिवंत माणसांची व्यवस्था कशी चालते ते शिकायचं, तिचं कारण उचलायचं, वेश उचलायचा नाही. फड पद्धतीतून मी वाटणीचं तत्त्व घेतलं, पण माझ्या ड्वार्फांना धोतर नेसवलं नाही आणि त्यांच्या तोंडी अहिराणी घातली नाही. मागे एका खेळाडूने गंमत म्हणून गॉब्लिनांना अहिराणी बोलायला लावली. सगळे हसले. माझी आई घरात तीच भाषा बोलते. मी खेळ थांबवला आणि सांगितलं, ही भाषा या टेबलावर हसण्यासाठी वापरायची नाही. वीर, कवी, राजा अहिराणी बोलणार असेल तर खुशाल बोलू दे. आणि ज्या वंशाला खेळाडू सरसकट कापून काढणार आहेत, त्याला कुठल्याही खऱ्या समाजाची एकही खूण देऊ नका. खरं तर सरसकट कापून काढायचा वंशच ठेवू नका.

तयारी किती करावी? दोन पानं नकोत, अर्धं पान पुरतं. काय अपुरं आहे आणि त्याची वाटणी कशी. शरीरामुळे काय बदललं. घरातलं न मिटलेलं भांडण. एक शिवी, एक न वाढलेला पदार्थ किंवा बंद दार, आणि टेबलावर हातात घेता येईल अशी एक वस्तू. माझ्याकडे पितळी परात होती. गाठी मारलेली सुतळी, पाण्याचा तांब्या, काहीही चालेल. बाकी जे खेळाडू विचारतील ते तेव्हा ठरवा आणि लगेच वहीत टिपा, म्हणजे पुढच्या वेळी बदलणार नाही. खेळाडूंना सगळं वाचून दाखवू नका. त्यांनी चूक करावी, कुणीतरी तोंड झाकावं, आणि मग त्यांनी विचारावं.

तुमच्या ऑर्कांपासूनच सुरुवात करा. तुम्ही त्यांना नदीच्या उत्तरेच्या उघड्या पठारावर ठेवलंय आणि "युद्धप्रिय" लिहून सोडून दिलंय. पठारावर सावली कमी असते. समजा अख्ख्या पठारावर मोठी झाडं चाळीसच आहेत. दुपारी त्यांच्याखाली कोण बसतं, म्हातारी की जनावरं की नुकती बाळंत झालेली? पाळी कोण ठरवतं? झाड वठलं तर त्याच्या सावलीत बसणाऱ्या घरांचं काय होतं? आणि तुमची टोळी भर उन्हात तिथे पोचून, कुणालाही न विचारता, पहिल्याच झाडाखाली जाऊन बसली, तर? पुढच्या रविवारी त्यांना बसू द्या.